हसणारं कासव

कासव हसत होतं.

मृदुलाने फोनवरचं चित्र बोटांनी मोठं केलं. तळहातावर मावेल एवढं गोल पान, हिरवी जमीन, कडेने पिवळी वेल आणि मध्ये कमळावर बसलेलं कासव. त्याच्या तोंडाची उजवी बाजू किंचित वर गेली होती. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, दशावतारी गंजिफांमधला हा कूर्मराजा. गंजिफा म्हणजे सावंतवाडीचे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. आबांनी अख्खा संच स्वतः रंगवला होता. ते कासवाचं तोंड काढत असताना लहानगी मृदुला त्यांच्या मांडीत घुसली, आबांचा हात हलला आणि कासवाला हसू आलं. ही गोष्ट तिने शाळेत सांगितली होती, ऑफिसात सांगितली होती, लेकीला झोपवताना तर कितीदा. दुसरं कुठलंही कूर्माचं पान हसत नव्हतं.

चित्राखाली लिहिलं होतं : 'दशावतारी गंजिफा. पूर्ण संच, सावंतवाडी. खासगी संग्रहातून. बोली शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बंद.'

म्हणजे भाईने तो विकलाच होता.

जेवणाची सुट्टी संपली तरी मृदुला डब्याला झाकण न लावता बसून राहिली. कोल्हापुरातल्या एका पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात ती मुद्रितशोधक होती. शुद्धलेखन आता यंत्रंच तपासत, पण शेवटची नजर माणसाची लागे. आबा गेले त्या वर्षी तिने सावंतवाडीला भावाला फोन करून विचारलं होतं, "संच कुठाय रे?" मग भाई म्हणाला होता, "पोचवला." त्याच वर्षी गोव्याचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी दोनदा घरी येऊन गेला होता. मृदुलाने फोन ठेवला. कुणाकडे पोचवला हे तिने विचारलं नाही, आणि नंतर विचारण्यासारखं बोलणंच उरलं नाही. भाऊबीजेला एक मेसेज जाई, एक येई.

तेव्हापासून ती अधूनमधून 'वस्तुवेध' या लिलावाच्या साइटवर गंजिफा शोधत आली होती. कधी मिळाल्या नव्हत्या. आज साइटकडून आपणहून मेसेज आला होता : तुम्ही शोधत असलेली वस्तू आली आहे. उघडल्यावर आधी नाना जुन्या वस्तू, मग नुसती साधी पानं सरकत गेली, आणि सुट्टी संपता संपता हे कासव समोर आलं होतं.

*

काही वर्षांपूर्वीपर्यंत लोक पासवर्ड नावाची गोष्ट पाठ करत, विसरत, आणि शेवटी पोराबाळांची नावं आणि जन्मसालं एकमेकांना जोडून वेळ भागवत. चोरांना ते तोंडपाठ झाले. मग कानामागे चिकटवायचा डाळीएवढा संवेदक आला. कंपनीने त्याला दिलेलं लांबलचक नाव कुणीच घेत नसे. बायका त्याला कुडी म्हणत, पुरुष भिकबाळी.

कुडीचं तत्त्व जुनंच होतं. ओळखीची गोष्ट अचानक समोर आली की साधारण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत विजेची एक बारीक लहर उठते. अनोळखी गोष्टीला ती उठत नाही. ती मुद्दाम उठवता येत नाही आणि दाबताही येत नाही. कुलूप त्यावरच बनवलं होतं. आपण आपल्या आयुष्यातली काही चित्रं किल्ली म्हणून निवडायची. बँक उघडायची असेल तेव्हा फोनवर भराभर चित्रं झळकतात, शेकडो परकी आणि त्यांत विखुरलेली आपली. नेमक्या आपल्या चित्रांना लहर उठली की कुलूप उघडतं. बोट लावायला नको, तोंड उघडायला नको. जे स्वतःलाही धड सांगता येत नाही ते चोरणार कोण?

फक्त एक गोष्ट राहून गेली होती. लहर काही कुलपासमोरच उठते असं नाही. ती भाजी घेतानाही उठते.

म्हणून सरकारने नियम केला की लहर उठली की कुडीने कानात बारीक आवाज करावा, म्हणजे आपण आत्ता काय ओळखलं हे निदान आपल्याला तरी कळेल. तो आवाज अगदी पाल चुकचुकल्यासारखा होता, त्यामुळे लोक त्याला पालच म्हणत. ओळखीच्या गल्लीतून चालताना पाल इतकी चुकचुके की बहुतेकांनी पहिल्याच आठवड्यात ती बंद करून टाकली. मृदुलानेही केली होती.

*

"आई, लिलावाच्या साइटवर कुडी लावून बसतेस?" केतकीने विचारलं. ती विद्यापीठात मेंदूच्या लहरींवरच संशोधन करत होती आणि घरी आल्यावरही तोच विषय चघळत असे.

"कुडी काढली की चित्र पुसट होतं. कुणी चोरून फोटो घेऊ नयेत म्हणून."

"असं कोण म्हणालं?"

"तिथेच लिहिलंय."

"चोर दारावर पाटी लावतो का, येथे चोर राहतो म्हणून?"

"वस्तुवेध आहे ते. तुझ्या जन्माआधीपासूनचं."

"मेसेजमधल्या दुव्यावरून गेलीस की स्वतः पत्ता टाइप केलास?"

मृदुलाने आमटी वाढली. "तू जेव. तुमच्या प्रयोगशाळेत सगळेच चोर असतात."

केतकी हसली, पण आईच्या कानामागे बघत राहिली. "निदान पाल तरी चालू ठेव."

"डोकं उठतं."

आपण रोज किती वेळ त्या साइटवर असतो हे तिने लेकीला सांगितलं नाही. विक्रेता रोज थोडी नवी पानं टाकत होता. 'खालीलपैकी कोणतं पान जवळून पाहायला आवडेल?' असं लिहिलेलं असे आणि चित्रांची एक रांग सरकत जाई. पहिल्या दिवशी पानं जरा ढोबळ वाटली होती. परशुरामाचा परशू आखूड होता, वामनाची छत्री भलत्याच रंगाची. दुसऱ्या दिवशीच्या फोटोंत छत्री बरोबर निळी होती. आधीचा उजेड वाईट असणार, असं तिने स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी नरसिंहाच्या आयाळीत आबा काढायचे तसे सुटे केस दिसले आणि ती छापखान्याच्या जिन्यात उभी राहून डोळे पुसू लागली.

मग आली मोपेड.

'याच संग्रहातील अन्य वस्तू' असं लिहिलेल्या रांगेत समया होत्या, तांब्याचा बंब होता, आणि त्यांच्या मधोमध निळी मोपेड. पुढची टोपली एका बाजूला चेपलेली.

मृदुलाने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. ती मोपेड भाईची होती. तिच्यावरच तो तिला गाडी शिकवत होता, आणि तिने ती शाळेच्या फाटकावर घातली तेव्हा टोपली चेपली होती. ही गोष्ट तिच्या लग्नाआधीची. आता ती दोन ठिकाणी होती, भाईच्या डोक्यात आणि तिच्या किल्लीत. बँकेच्या कुलपासाठी निवडलेल्या चित्रांपैकी एक चित्र ही मोपेड होती.

त्या दिवशी प्रुफं तिला दिसेचनात. भाई. संच विकणाराही तोच, आणि आता बहिणीची किल्ली काढून द्यायलाही तोच. कुणाला तरी बसून सगळं सांगितलं असणार त्याने : आमच्या बायला काय आठवतं, काय आवडतं. त्याच्याशिवाय कुणाला माहीत असणार?

घरी आल्यावर तिचा चेहरा बघून केतकी म्हणाली, "काय झालं? आणि आई, तुझी किल्ली कसली चित्रं घालून केलीयस?"

"तुला कशाला हवंय?"

तिच्या आवाजाने दोघीही थबकल्या. मृदुलाला एकदम वाटलं होतं, हिलाही सगळ्या गोष्टी माहीत आहेत, हिलाही मी कासव सांगितलंय. हिच्या हातात तर दिवसभर असली यंत्रंच असतात.

"शाब्बास," केतकी सावकाश म्हणाली. "मला पण सांगू नकोस. कुणालाच सांगायची नसते. पण माझ्याकडे अशी बघूही नकोस."

*

शनिवारी सकाळी मृदुला आंबोलीमार्गे जाणाऱ्या एसटीत बसली. संध्याकाळी पाचच्या आत भाईकडून खरं काढून घ्यायचं होतं. तो संच त्या व्यापाऱ्याचाच असेल तर बोली लावून परत घ्यायचा, मग पुढचं आयुष्य भावाचं तोंड न बघता काढायचं. घाटात एका बाजूला दरी आणि एका बाजूला कातळ, आणि ती कानाला कुडी लावून कासवाकडे बघत होती.

भाई, म्हणजे दिगंबर, पोस्टातून निवृत्त झाला होता आणि गावाबाहेर बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात राहत होता. वहिनी वेंगुर्ल्याला लेकीकडे गेली होती. फाटक वाजल्यावर तो बाहेर आला, आणि बहीण सकाळी बाजारात जाऊन आता परतल्यासारखा म्हणाला, "ईलंस?"

"बोलायचं होतं."

"आधी पाणी पी. बारीक झालंस."

"भाई, संच कुणाला विकलास?"

"कसलो संच?"

"आबांच्या गंजिफा."

भाईने तांब्या खाली ठेवला. "तू माका फोनवर इचारलंस तेव्हा मी तुका काय सांगलंय?"

"पोचवला म्हणालास."

"मग?"

"मग काय? कुणाला पोचवला? त्या गोव्याच्या माणसाला ना?"

भाई तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू वर चढल्या. "बाये," तो म्हणाला, "आपण गणपती पोचवतंव तो खंय पोचवतंव?"

"तळ्यात," मृदुलाच्या तोंडून निघालं.

"कसर लागलली," भाई म्हणाला. "पेटी उघडलंय तर रामाक तोंड नाय, नरसिंव्हाची पानां एकमेकांक चिकटलली. आबा खाटल्यावर. तेंनी बघल्यानी आणि माका म्हणाले, देवांची मोडकी चित्रां घरात ठेवूची नसतत, पोचव. सकाळी मोती तलावावर गेलंय आणि सोडलंय. देवच ते. पत्ते म्हणान काय झाला?"

"आणि मला सांगितलं नाहीस."

"आबा म्हणाले, बायेक सांगू नको, रडात. तरी तू इचारलंस तेव्हा सांगलंय. पोचवलंय म्हटलंय. तू फोन ठेवलंस." तो थांबला. "माका वाटला, रडतंस."

मृदुलाला हे सगळं खरं वाटावं असं फार वाटत होतं आणि नेमक्या त्याच कारणाने ते तिला पटत नव्हतं. इतकं बेमालूम उत्तर तयार ठेवलेलं असू शकतं. तिने फोन काढून त्याच्यासमोर धरला.

"तळ्यात सोडलास, मग हे काय?"

भाईने चष्मा लावला. "चित्र झकास आसा," तो म्हणाला. "पण ह्यां आमचां नाय."

"कासव हसतंय भाई."

"म्हणानच तर."

तो आत गेला आणि तपकिरीची जुनी डबी घेऊन आला. डबीत कापूस होता आणि कापसात एक गोल पान. "ह्यां एकच धड होतां. मोडक्याक पोचवक सांगितलेला, धडक्याक नाय. आबांका कळला असता तर शिव्या खाल्ल्या असत्यो."

मृदुलाने पान उजेडात धरलं. जमीन विटकरी होती. वेल होती, कमळ होतं, कासव होतं. कासवाचं तोंड म्हणजे एक सरळ रेघ. धड गंभीरही नाही आणि हसरंही नाही. कासवासारखं कासव.

"पुसलंस तू हे," ती म्हणाली.

"लाखेखालचो रंग पुसतत कसो, तां तरी सांग."

ते खरं होतं. पानावर लाखेचा थर आरशासारखा अखंड होता. मृदुलाने केतकीला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन दोघांच्या मध्ये ठेवला. सगळं ऐकून घेतल्यावर केतकी म्हणाली, "आई, आता माझं एक ऐक. पाल चालू कर."

मृदुलाने कुडीवर बोट दाबून धरलं. मग फोनवरच्या कासवाकडे बघितलं.

चुक्.

वामनाच्या छत्रीकडे, नरसिंहाच्या आयाळीकडे. चुक्, चुक्. तिने मान वर करून भाईकडे पाहिलं. चुक्. एवढ्या दुराव्यानंतर आणि एवढ्या संशयानंतरही मेंदूला त्यात शंका नव्हती.

मग तिने हातातल्या पानाकडे पाहिलं.

पाल गप्प होती. तिने पान फिरवलं, लांब धरलं, जवळ आणलं. काहीच नाही. आबांनी रंगवलेलं, तिने लहानपणी हजारदा हातात घेतलेलं पान, आणि आत कुठेही काही हललं नाही.

"केतकी," ती म्हणाली, "खऱ्याला वाजत नाहीये."

"वाटलंच होतं मला. भाईमामा, तुमच्या कानाला भिकबाळी आहे?"

"माका नको ती. बैल काय मी, येसन घालूक?"

"उत्तम. आईच्या मेसेजमधला पत्ता तुमच्या फोनवर उघडा. एकेक अक्षर बघून."

भाईने जाड बोटाने अक्षरं दाबली. त्याच्या फोनवर तीच साइट उघडली, तोच लिलाव. पण गंजिफांच्या जागी कुठल्याही पुस्तकात सापडेल असं एक सामान्य पान होतं, कासव नाही, हसू नाही, मोपेड नाही. खाली ओळ होती : 'स्पष्ट चित्रांसाठी कुडी लावा.'

"पोलिस चित्रकार साक्षीदाराला विचारून चोराचं चित्र काढतात ना, तसं आहे हे," केतकी सांगू लागली. "फक्त इथे साक्षीदाराला विचारावंही लागत नाही. यंत्र आधी वीस साधी पानं दाखवतं. ज्यावर तुझी लहर उठली ते ठेवतं, बाकीची टाकतं, आणि ठेवलेल्यासारखी आणखी वीस बनवतं. छत्री लाल, लहर नाही. छत्री निळी, लहर आली. असं करत करत ते तुझ्या आठवणीपर्यंत पोचतं. मोपेडचंही तसंच. तुझी चित्रं कळली की त्यांना खोटी लहर देऊन कुलूप उघडता येतं. भाईमामाने कुणाला काही सांगितलं नाही, आई. तू सांगितलंस, रोज, जेवणाच्या सुट्टीत. ते पान आबांनी काढलेलं नाही. तूच काढलंयस."

"पण मला कासव हसतानाच आठवतं."

"म्हणून तर ते हसतंय."

मृदुलाने भाईकडे पाहिलं. "हसायचं ना रे ते?"

भाईने मान खाजवली. "तू म्हणायचंस, हसता. लहान होतंस. मग आबा म्हणायचे, हसता. मग मीय म्हणाक लागलंय."

"आणि आता पत्ता मोठ्याने वाच," केतकी म्हणाली.

मृदुलाने वाचला. "वस्तुवेद." मग पुन्हा, अक्षर अक्षर. ध नव्हता. द होता. ध चा मा केलेला तिने इतिहासात वाचला होता. इथे ध चा नुसता द केला होता आणि पाठ्यपुस्तकांत वेलांटी चुकली तर पान परत पाठवणारी ती रोज त्या दारातून आत जात होती.

"आता कुडी काढ," केतकी म्हणाली. "मग नवं कुलूप करू."

तेवढ्यात मृदुलाच्या फोनची कड लाल झाली. पाच वाजायला आले होते. 'शेवटची बोली. संपूर्ण संच पाहण्यासाठी ओळख पटवा. चित्रांकडे फक्त पाहत राहा.'

आणि पानं उलगडू लागली. आधी मत्स्य, मग वराह, मग राम. राम पुरा होता, तोंडासकट, कसर न लागलेला. त्याच्या धनुष्याच्या दोरीवर आबांनी मारलेला सोनेरी ठिपकाही होता. पाल आता थांबत नव्हती, एकाला एक लागून चुकचुकत होती. मृदुलाला सगळं माहीत होतं. हे चोर आहेत, यातलं एकही पान कुठेच नाही, या चित्रांच्या आडून ते तिची किल्ली वेचत आहेत. पण जे तळ्यात गेलं होतं ते आत्ता, याच क्षणी, तिच्या हातात पुन्हा रंगत होतं आणि तिने बघणं थांबवलं की ते पुन्हा जाणार होतं.

"आई, कुडी."

"थांब."

"आई."

"थांब म्हटलं ना. कृष्ण यायचाय अजून."

भाईही वाकून बघत होता. परशुराम आला. आता कृष्ण यायला हवा होता, आणि कृष्णाच्या जागी निळं काहीतरी झळकून गेलं.

"बाये," भाई म्हणाला, "ती माझी गाडी."

मृदुलाने कुडी खुडून काढली. फोनवरची चित्रं जागच्या जागी अडखळली. आणखी दोन पानं कशीबशी आली, पण त्यांना काय व्हायचं ते सुचत नव्हतं. एकाचे हात विरघळले, एकाचा मुकुट. कूर्मराजा सगळ्यांत शेवटपर्यंत टिकला. मग त्याचं तोंड पसरलं, पुसट झालं आणि एक हिरवा डाग उरला. भाईने फोन तिच्या हातातून घेतला आणि ती साइट बंद केली.

"किती गेलं?" मृदुलाने विचारलं.

"बघते," केतकी म्हणाली. कळफलकाचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. "कुलूप उघडलेलं नाही. किल्ली अर्धीच मिळालीय त्यांना. आता ती सगळी चित्रं टाकून द्यायची, मोपेडसुद्धा. आणि भाईमामा, तुम्हीही ऐका. अशा साइटला मेसेजवरून जायचं नाही. लिलावात ओळख पटवा म्हणाले की उठून जायचं. फोनवर, मेसेजवर कुणी आपलं माणूस म्हणून आलं तरी आधी विचारायचं, कशावरून?"

"आपल्याच माणसाक?"

"आपल्याच माणसाला आधी."

*

त्या रात्री मृदुला तिथेच राहिली. बांगड्याची कढी झाली, वहिनीच्या तक्रारी झाल्या, आबांच्या शेवटच्या महिन्याबद्दल जे तेव्हा बोलायचं राहिलं होतं ते झालं. बोलता बोलता तिची भाषा कधी वळली ते तिला कळलं नाही, भाईला कळलं.

सकाळी स्टँडवर त्याने ती तपकिरीची डबी तिच्या पिशवीत सरकवली.

"नको रे. तुझ्याकडेच असू दे."

"माका ओळखता ता. तुका ओळखूक नाय अजून. तुझ्याकडे ऱ्हवांदे." गाडी हलली तसा तो खिडकीशी चार पावलं चालला. "पोचलंस की कळव."

घाटात तिने डबी उघडली. कुडी कानाला होती, पाल चालू होती, फोन बंद होता. तिने विटकरी जमिनीवरच्या कासवाकडे बघितलं, मग बाहेर दरीकडे, मग पुन्हा कासवाकडे. सरळ रेघ. पाल गप्प. आजऱ्यापर्यंत तिने हे कितीदा तरी केलं. गडहिंग्लजच्या पुढे कासवाच्या डाव्या डोळ्याखाली तिला ब्रशचा एक तुटका केस लाखेत अडकलेला दिसला. आबांच्या ब्रशचा. त्याच्यासकट ते कासव तिने पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं आणि डबी बंद केली.

घरात पाऊल टाकल्यावर तिने चप्पल काढण्याआधी भाईला मेसेज केला, 'पोचले.'

उत्तर लगेच आलं. केतकीचं भाषण त्याने मनावर घेतलेलं दिसत होतं.

'कशावरून तूच?'

मृदुला दारातच खुर्चीत बसली. थोडा विचार करून तिने एकेक अक्षर नीट तपासत लिहिलं :

'कासव हसणा नाय.'